आधी बापाचं नाव घ्या

मानवतला वरात मध्येच खोळंबली आणि नवरदेव घोड्यावर ताटकळलेला दिसला, की समजावं, सोपानमामांनी गाणं थांबवलंय. मामा आमच्या शेजारचे, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पोरं रंगात येऊन नाचायला लागली की हे ऐन कडव्यात क्लॅरिनेट तोंडातून काढत आणि हात वर करत. "थांबा! हे गाणं नवं न्हाई. ह्याची चाल जुन्या कव्वालीची हाय, अन् कव्वालीवाल्यानं ती आमच्या गवळणीवरून उचललेली हाय. आदी बापाचं नाव घ्या, मंग नाचा!"

"मामा, मुहूर्त टळायलाय!" मुलीचा बाप रडकुंडीला येई.

"टळू द्या. बिनबापाच्या गाण्यावर लगीन लावता व्हय?"

वरातीचा भाड्याचा घोडा तर इतका सरावला होता, की मामांचा हात वर गेला की आपसूक थांबे.

"आमचे हे गावभर गाण्यांची बारशी करत हिंडायलेत," मामी कपाळाला हात लावून म्हणे. मामी जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यात घेतलं, तेवढंच.

मामांची स्वतःची चाल एकच. नव्या नवलाईत मामी रुसून वालूरला माहेरी गेली, तेव्हा मामा सासऱ्याच्या दारात उभं राहून ती वाजवत राहिले. सगळी गल्ली गोळा झाली, तेव्हा कुठं मामी पिशवी घेऊन बाहेर आली. "चालीला भुलून न्हाई आले, लाजंनं आले," असं ती अजूनही ठासून सांगते.

मागच्या उन्हाळ्यात मी आणि मामा ताडकळसच्या एका लग्नाला गेलो, तिथं डीजेनं तीच चाल लावली. धाडधाड ठोके, आणि बोल कुठल्याशा पोरीच्या मोबाईलबद्दलचे. मामा पंगतीतून उठले आणि वरणभातानं बरबटलेल्या हातानिशी डीजेच्या गाडीवर चढले. "ही माजी चाल हाय!"

डीजेवाला हसला. "मामा, लय जुनी चाल हाय ही. नेटवर पडलीय. कुणाचीच न्हाई."

जगातल्या गाण्यांचे बाप हुडकणारा माणूस, आणि त्याचंच लेकरू बिनबापाचं ठरलं. मला फार वाईट वाटलं. परतीच्या एसटीत मामा एवढंच बोलले, "वाजवतेत झ्याक. पर नाव घ्यायला पायजे होतं रं."

दिवाळीच्या तोंडावर मामा गेले. त्यांना न्यायच्या वेळी बँडवाल्यांनी दारात उभं राहून त्यांचीच चाल वाजवायला घेतली. गर्दीतला एक पाहुणा पुटपुटला, "मयताला डीजेचं गाणं? काय ही तऱ्हा!"

मामी रडत होती. ते ऐकलं आणि ती उंबऱ्यात आली, हात वर केला. "थांबा!"

क्लॅरिनेट थांबलं. खांदेकरीही थांबले.

"डीजेचं न्हाई हे. मला वालूरहून आणायला वाजवलेली चाल हाय. सोपान गुरवाची हाय! आदी नाव घ्या, मंग न्या त्यांना."

सगळ्यांनी नाव घेतलं. त्या पाहुण्यानंही घेतलं. उशीर होतोय, असं त्या दिवशी कुणीच म्हणालं नाही.