पट्टा मिळणार नाही

पोलीस खात्यात आयुष्य काढलं. अर्ज, धमक्या, चिठ्ठ्या, जाहिराती ढिगानं वाचल्या आणि बहुतेक विसरलोही. पण 'पट्टा मिळणार नाही' हे एका जाहिरातीतलं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. ते ज्या प्रकरणात आलं, त्यात गुन्हा कोणता, फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, हे मला तेव्हाही धड सांगता आलं नसतं. आज निवृत्तीनंतर विचार केला तरी थोडा गोंधळ उरतोच.

मी तेव्हा बीड जिल्ह्यात, केजच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, गस्तीवरचे लोक सह्या करून घरी गेले होते. मी चहा घेत टपाल चाळत होतो. तेवढ्यात लग्नाचे फोटो काढणारा एक स्टुडिओवाला आत आला. पस्तिशीचा, अंगानं मजबूत, आमच्या एका हवालदाराचा वर्गमित्र.

"साहेब, फसवणुकीची तक्रार द्यायचीय."

"किती गेले?"

"आजून गेले न्हाईत."

"मग फसवलं कुणी?"

"त्येच कळंना साहेब. माणूस फसवतोय का न्हाई, ते तुमी सांगा."

लोक आमच्याकडे गंडल्यावर येतात. गंडायच्या आधी आलेला हा पहिलाच. मी त्याला बसवलं आणि चहा मागवला.

त्याचं म्हणणं असं होतं. हल्ली लग्न ठरलेल्या जोडप्यांना विहिरीच्या पाण्याखाली उतरून फोटो काढून हवे असतात. आमच्या काळी मुलगी बघायला गेलो तर मान वर करायची चोरी होती, ते असो. त्यासाठी पाण्यात जाणारा कॅमेरा लागतो. नवा घ्यायची त्याची ऐपत नव्हती. मोबाईलवर जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत शोधताना त्याला एक जाहिरात सापडली. फोटोतला कॅमेरा भारीतला होता, पाण्यात न्यायच्या पारदर्शक पेटीसकट. आणि किंमत किती, तर दोन शेळ्यांना पडेल एवढी. खाली लिहिलं होतं: 'चांगल्या घरी द्यायचा आहे. व्यापाऱ्यांनी फोन करू नये. पट्टा मिळणार नाही.'

"दोन शेळ्यांच्या भावात?" आमचा हवालदार मध्येच बोलला. "मग घे की बे, डोळं झाकून!"

"आरं, तिथंच तर घोडं पेंड खातंय," स्टुडिओवाला म्हणाला. "त्येनं आगाऊ पैसं मागितलं आसतं तर मी फोनच ठिवून दिला आसता. पण ह्यो बाबा पैशाचं नावच काढंना. कावून इतका स्वस्त, इचारलं, तर मनतो, आदी तुझं घर बघतो. घरात कोन कोन हाय, पोहता येतं का, दारू पितो का... आनि साहेब, एक गोष्ट त्येनं लई येळा इचारली. तुला फिट येती का?"

आता मीही चक्रावलो. भामट्याला घाई असते. तो उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय म्हणतो आणि आगाऊ रक्कम मागतो. चोरीचा माल विकणारा एसटी स्टँडवर किंवा धाब्यावर बोलावतो, रोख घेतो आणि पसार होतो. हा मात्र स्वतः होऊन घरी येतो म्हणत होता. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत असा चोर मी पाहिला नव्हता आणि असा दुकानदारही पाहिला नव्हता.

जिल्ह्याच्या सायबर शाखेत माझा एक सहकारी होता. त्याला फोन लावला. त्यानं चुटकीसरशी उलगडा केला. व्यापारी कॅमेऱ्याचा नंबर तपासतो, म्हणून व्यापारी नको. पट्ट्यावर मूळ मालकाचं नाव असणार, म्हणून पट्टा काढलेला. आणि 'चांगलं घर' म्हणजे नंतर फोडण्याजोगं घर. कॅमेऱ्याच्या निमित्तानं टेहळणी करणारी टोळी असणार. मला ते पटलं. फक्त त्या फिटचं काय करायचं, ते त्यालाही सांगता आलं नाही.

स्टेशन डायरीला नोंद घेऊन आम्ही सापळा लावला. विकणाऱ्याला केजला स्टुडिओवाल्याच्या घरी बोलावलं. साध्या कपड्यातले आमचे दोघं पाहुणे म्हणून ओसरीवर बसले, पंच शेजारच्या खोलीत, मी गल्लीच्या तोंडाशी.

टोळी आली ती वडापच्या जीपमधून उतरून पायी. एकटीच आली. सत्तरीकडे झुकलेला एक म्हातारा, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, काखेत सुती टॉवेलात गुंडाळलेलं बोचकं. मेंढरं राखणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. माझा पहिला विचार असा, की टोळीनं याला फक्त पोचवायला पाठवलंय.

आत काय झालं, ते मला पंचांनी नंतर सांगितलं. म्हाताऱ्यानं आधी घराभोवती एक चक्कर मारली. परसात डोकावला. प्यायला पाणी मागितलं आणि स्टुडिओवाल्याच्या बायकोनं तांब्या भरून दिला, तेव्हा तिला म्हणाला, "माय, ह्याला संताप लई येतो का?" ती म्हणाली, "तसं काई न्हाई." मग त्यानं मान हलवली, टॉवेल सोडला आणि कॅमेरा ओसरीवर ठेवला. आमच्या पाहुण्यांनी त्याच क्षणी त्याचे दोन्ही हात धरले. तो पळाला नाही, ओरडलाही नाही. "घर बरं हाय," एवढंच म्हणाला.

ठाण्यात आणून विचारपूस सुरू केली.

"कॅमेरा कुणाचा?"

"घरचा."

"पावती?"

"न्हाई."

"तुम्हाला चालवता येतो?"

"मला कुठं येतोय साहेब."

"मग घरात कुणाचा?"

गाव पाटोदा तालुक्यातलं सांगितलं, नाव सांगितलं, जाहिरात पाटोद्याच्या मोबाईलवाल्याकडून टाकून घेतली तेही सांगितलं. पण कॅमेरा कुणाचा म्हटलं की भिंतीकडे बघायचा. एका शिपायानं आवाज चढवला, त्याला मी बाहेर पाठवलं. आवाज चढवून कबुली मिळते, पण खरं मिळतंच असं नाही.

त्याच्या गावाकडच्या बीट अंमलदाराला फोन करून चौकशी करायला सांगितलं आणि तोवर पंचनामा लिहायला घेतला. आणि तिथंच गाठ सुटली. जाहिरातीत मिळणार नाही म्हटलेला पट्टा कॅमेऱ्याला लावलेलाच होता. मनगटात अडकवायचा, केशरी रंगाचा, फुगीर, पाण्यावर तरंगणारा. लेखनिकानं मुद्देमाल म्हणून कॅमेरा पुढे ओढला, तसा म्हातारा उठला, हातानं चाचपडत पट्टा सोडवला, मुठीभोवती दोन वेढे दिले आणि मूठ अंगातल्या कोपरीच्या खिशात घातली. कॅमेरा मात्र उरलेल्या हातानं स्वतःच आमच्याकडे ढकलला.

शिपाई खिशाकडे झेपावला. मी म्हणालो, "थांब."

मी शेतकऱ्याच्या घरातला. लहानपणी आमचा ढवळा बैल विकला, तेव्हा वडिलांनी अगदी असंच केलं होतं. बैल दिला, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गळ्यातलं दावं सोडून हातावर गुंडाळत घरी आणलं. आमच्याकडे जनावर विकतात, दावं देत नाहीत. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. आणि राबलेला बैल व्यापाऱ्याच्या हाती देत नाहीत, कारण व्यापारी तो कसायाला घालील. चार पैसे कमी घेतात, पण घेणाऱ्याचं घर बघतात, पाणी बघतात, मारकुटा आहे का विचारतात. जाहिरातीतल्या ओळी एकेक करून माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. आमच्या सायबर शाखेनं टोळी शोधली होती, आणि हा बाबा कॅमेरा नाही, बैल विकत होता.

मी खोली रिकामी केली आणि म्हणालो, "आबा, कॅमेरा कुणी राबवलाय?"

तेव्हा त्याचे डोळे भरून आले. "पोरानं."

पोरगा शिकलेला. पुण्यातल्या एका संस्थेसाठी विहिरी-तळ्यांत उतरून मासे, कासवं यांचे फोटो काढायचा. स्वतःच्या कमाईतून कॅमेरा घेतलेला. मग त्याला फिट यायला लागल्या. डॉक्टरांनी पाण्यात उतरायला साफ मनाई केली. पण पोरगा ऐकेना. बापाची नजर चुकवून विहिरीकडे जायचा.

"घरात हाय तवर त्यो उतरनार, साहेब. एकुलतं लेकरू हाय. फोडून टाकावा मनलं, तर हात उठना. त्येच्या घामाचा हाय. पुरा भाव घ्यावा, तर लेकराच्या जिवावर येपार केल्यावानी वाटतंय. चांगल्या हातात जावा, पान्यात जावा, पन माझ्या पोरासंगं नगं."

"पोराला माहीत आहे?"

"न्हाई. त्यो बीडला माज्या बहिनीकडं गेलाय, दवाखान्याला. यायच्या आदी उरकायचं हुतं."

आता सांगा, काय करायचं? मुलाच्या मालकीची वस्तू त्याच्या संमतीशिवाय उचलून विकायला काढली. कायद्याच्या पुस्तकात त्याला चोरीच म्हणतात. आणि ज्याच्या भल्यासाठी ती केली, तोच फिर्यादी होणार. त्यानं फिर्याद दिली, तर मला सत्तरीच्या बापाला कोठडीत घालावं लागणार. कॅमेरा मुलाला परत दिला, तर तो विहिरीत उतरणार. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्हीकडे भिंतच लागली.

तेवढ्यात पोरगा आलाच. बीट अंमलदारानं त्याचा नंबर काढून त्याला एवढंच कळवलं होतं, की तुझा कॅमेरा सापडलाय, ठाण्यात ये. अठ्ठावीस-तिशीचा, काटक. दारातूनच तावातावानं बोलत आला.

"चोर कुटंय साहेब? मला त्येचं तोंड बगायचंय."

त्यानं खोलीभर नजर फिरवली आणि बाकावर बसलेला बाप त्याला दिसला. बापानं मान खाली घातली. खिशातली मूठ तशीच होती, फक्त केशरी पट्ट्याचं टोक बाहेर आलं होतं. पोरगा त्या टोकाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा फुटतो किंवा बापाच्या अंगावर जातो.

मी जबाब लिहायला कागद ओढला. "हा कॅमेरा तुमचा?"

"माजा."

"तुमच्या वडिलांनी तो तुमच्या परवानगीनं विकायला काढला होता का?"

त्यानं बापाच्या खिशाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग तो म्हणाला, "व्हय. मीच सांगितलतं इकायला."

बापानं झटकन मान वर केली. "कवा सांगितलतंस रं?"

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही गप बसा."

तो जबाब मी शब्दशः लिहून घेतला. पोलिसाला सांगितलेलं लिहायचं असतं. सांगणाऱ्याच्या पोटात काय आहे, त्याला आमच्याकडे रकाना नाही. डायरीला तपासाअंती संशयास्पद काही नाही, अशी नोंद केली.

बाहेर व्हरांड्यात स्टुडिओवाला ताटकळत उभा होता. पोरानं त्याला जवळ बोलावलं आणि ठरल्या भावात कॅमेरा त्याच्या हातात दिला. वापरून झाल्यावर गोड्या पाण्यानं धू, पेटीच्या रबराला वाळूचा कण चिकटू देऊ नकोस, एकटा उतरू नकोस, असं बरंच काही सांगितलं. शेवटी विचारलं, "तुला फिट येत न्हाई ना?" स्टुडिओवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला अजूनही कळलं नव्हतं, की ही जगातली सगळ्यात चांगली खरेदी झाली की त्याला काहीतरी फार जड गळ्यात पडलं. "पट्ट्याशिवाय मनगटात कसा आडकवू?" एवढं त्यानं विचारलं.

"नवा घे," बापलेक एकदमच म्हणाले.

दाव्याची खूण ओळखली म्हणून मी त्या दिवशी स्वतःवर फार खूश होतो. घरी जेवतानाही बायकोला दोनदा ऐकवलं. पण पुढे नारायणगडाच्या यात्रेचा बंदोबस्त आटोपल्यावर वाट वाकडी करून मी त्या म्हाताऱ्याच्या वस्तीवर गेलो. पोरगा सपराच्या सावलीत बसून मोबाईलवर स्टुडिओवाल्याला उजेड कसा धरायचा ते समजावत होता. दोघांचं चांगलं जमलं होतं. गोठ्यातल्या खुंटीवर जुनी दावी टांगली होती, काळपट, झिजलेली, आणि त्यांच्यात तो केशरी पट्टा.

"लक्ष्मी राखून ठेवली म्हणा, आबा," मी जाणत्याच्या थाटात म्हणालो.

म्हातारा हसला नाही. पोरगाच बोलला. "साहेब, हिरीत मला फिट आली तवा पानी हिरवंगार हुतं. मी आत गेलतो, दिसत नव्हतो. मनगटातला ह्यो पट्टा तेवडा वर तरंगत हुता. आबानं उडी मारली आनि ह्यालाच धरून मला वर वडलं."

ठाण्यात म्हाताऱ्यानं यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. मीच बैलासारखं 'कुणी राबवलाय' म्हणून विचारलं, आणि त्यानं तेवढ्याचंच उत्तर दिलं. त्यातलं किती दाव्यासाठी होतं आणि किती लेकरासाठी, ते मला आजही उमगलेलं नाही.

आता नवी पोरं खात्यात लागतात, भेटायला येतात आणि स्वस्तातल्या ऑनलाइन मालावर संशय कसा घ्यायचा ते विचारतात. मी सांगतो, खुशाल घ्या, दहातले नऊ लबाडच निघतील. पण माणूस काय स्वस्तात देतोय ते बघून झालं, की काय द्यायला तयार नाही, तेही एकदा विचारा.

त्या दिवशी वस्तीवरून निघताना मी पट्ट्याला हात लावणार होतो. म्हाताऱ्यानं माझ्या आधीच तो खुंटीवर नीट सरकवला.

"बाकीची दावी बैलांची हायत साहेब," तो म्हणाला. "ह्ये लेकराचं."