वाळवंट आधी की बर्फ आधी?

कंपनीच्या बसमध्ये किस्से साचतात ते लेथखालच्या लोखंडाच्या भुग्यासारखे. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा तेवढाच! त्यात आमची बस थेरगावच्या डांगे चौकातून निघून चाकणला जाते, म्हणजे अर्धा वेळ चालते आणि अर्धा वेळ ट्रॅफिकमध्ये उभी राहते. उभ्या बसमध्ये माणसं एकतर झोपतात, नाहीतर स्वप्नं बघतात. आमच्या मागच्या सीटवरची मंडळी दोन्ही एकदम करतात.

मी सुजाता. क्वालिटीत आहे, त्यामुळे दोष काढणं हाच माझा धंदा. पण गेल्या वर्षभरात या बसने चिली देशाची जी ट्रिप आखली, तिच्यात दोष काढायला माझं मन धजत नाही.

*

सुरुवात मोशीच्या अलीकडे झाली. बस हलत नव्हती. मेंटेनन्समधला प्रमोद, मूळचा नांदेडचा, मोबाइलवर कुणाच्या तरी चिलीच्या प्रवासाचे व्हिडिओ बघत होता. शेजारी जगदाळे काका. हे रहाटणीला चढतात. मूळ गाव साताऱ्याकडचं, आणि उभी नोकरी असेंब्ली लाइनच्या एकाच स्टेशनवर. कन्व्हेअरच्या सरकत्या पट्ट्यावरून समोर गाडी येते, काका मागची चाकं बसवतात, गाडी पुढे जाते. मार्चमध्ये रिटायर होणार होते. बसमध्ये ते फारसं बोलायचेच नाहीत.

त्या दिवशी त्यांनी प्रमोदच्या हातातून मोबाइल घेतला आणि नकाशा दोन बोटांनी मोठा केला.

"सुजाता, ह्यो देश बघ गं. अक्षी आपल्या कन्व्हेअरसारखा. लांबच लांब! वरच्या टोकाला वाळवंट, खालच्या टोकाला बर्फ. मधी ज्वालामुखी, तळी, जंगल, सगळी स्टेशनं."

"मग?"

"मग काय? आजवर गाड्या पुढं गेल्या, मी हितंच उभा. एकदा मला कन्व्हेअरवरनं जायचंय!"

कुणीच हसलं नाही. बस चालवणारे काळोखे मामा मोशीचे जुने गाववाले. त्यांनी आरशातून बघितलं आणि म्हणाले, "बाजारात तुरी! पर बोला तुमी, बोलायला काय पैसं पडत न्हाईत."

*

आधी आम्ही सगळेच जाणार होतो. मग प्रमोदच्या मुलीची दहावी निघाली. मला कंपनीच्या वार्षिक शटडाउनशिवाय लांब रजा नाही, आणि शटडाउनमध्येच भावाचं लग्न. बाकीचे गृहकर्जाचं नाव काढून हळूच गळाले. उरले एकटे काका. पण गंमत अशी, की जायचं कुणाचंच जमेना आणि प्लॅनिंग कुणाचंच थांबेना!

काळोखे मामांनी तर आमच्या रस्त्यालाच चिली करून टाकलं. भोसरीच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, तिथली धूळ म्हणजे वाळवंट. हिवाळ्यात इंद्रायणीच्या पुलावर धुकं असायचं. खाली पाणी आहे की ढग ते कळायचं नाही. मामा बस जरा हळू घ्यायचे आणि म्हणायचे, "बगा, आली तळी."

आणि खरं सांगते, सगळी बस खिडकीतून बघायची. रोजचाच पूल, रोजचीच नदी. पण डब्याची पिशवी मांडीवर घेऊन त्या पांढऱ्या धुक्यात बघताना मला वाटायचं, पलीकडच्या काठाला चिंबळी गाव नसेलच. तिथे बर्फाचा डोंगर असेल आणि पायथ्याशी आमची बस थांबेल. मग कुणाचा तरी हॉर्न वाजायचा आणि चिंबळी यायची.

*

काकांनी पिंपरीच्या मार्केटमधून पाठीवरची मोठी सॅक आणली आणि हौसेने बसमध्ये दाखवायला घेऊन आले. मी सवयीने उलटी करून शिवण बघितली. डाव्या पट्ट्याचा टाका सुटत होता.

"काका, रिजेक्ट!"

"अगं, चांगली हाय की!"

"चढावर पट्टा सुटला तर सॅक ज्वालामुखीत जाईल."

काका हिरमुसले. मी जीभ चावली, पण दोष तो दोषच. त्यांनी सॅक मुकाट्याने घरी नेली आणि पुन्हा कधी दाखवली नाही.

पण वापरली! ओझ्याची सवय व्हावी म्हणून तिच्यात घरातले गहू भरले आणि सकाळी इमारतीचे जिने चढउतार करायला लागले. शेजारी म्हणाले, "काका, लिफ्ट चालू आहे!" काका म्हणाले, "म्हाईत हाय." शेजाऱ्यांनी नाद सोडला.

विमलकाकूंनी मात्र एके सकाळी दार उघडलं, घामाघूम नवऱ्याकडे आणि फुगलेल्या सॅककडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "निघालाच आहात, तर दळूनच आणा!"

काकांनी दळून आणलं. सॅक कशाला, याला दुसरी सबबच तयार नव्हती ना!

*

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत प्रमोदने कॅन्टीनमागच्या हिरवळीवर मेहुण्याचा तंबू उभा केला. मेंटेनन्सवाल्याने काही जोडलं की एक पार्ट उरतोच, हा जागतिक नियम आहे. तंबू उभा राहिला आणि एक दांडी उरली.

"प्रमोद, ही कशाची?"

"ताई, ती स्पेअर म्हणून देतेत!"

काका आत जाऊन बसले. भोंगा झाला, माणसं हात धुऊन लाइनकडे निघाली, काका बाहेर येईनात.

"काका, भोंगा झाला!"

"ऐकला."

"मग काय करायलाव आत?"

मग आतून हळूच आलं, "हितं आत समदं नारिंगी दिसतंय रं. ऊन पण, हात पण. जरा बसू दे."

प्रमोदला कधी नाही ते सुचलं. तो लाइनवर गेला आणि सुपरवायझरला सांगून काका येईपर्यंत त्यांच्या स्टेशनवर उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एक गाडी काकांशिवाय पुढे गेली.

*

भाषेचीही तयारी झाली. चिलीत स्पॅनिश बोलतात म्हणून प्रमोद मोबाइलवरचे धडे मोठ्याने लावायचा आणि सगळी बस पाठोपाठ म्हणायची. काकांना काही येईना. आलं ते एकट्या काळोखे मामांना, आणि तोही एकच शब्द, ग्रासियास, म्हणजे थँक्यू.

एकदा चाकणच्या चौकात पोलिसाने बस अडवली. मामांनी खिडकीतून डोकं काढलं आणि दणकून म्हणाले, "ग्रासियास, सायेब!"

पोलीस दोन पावलं मागे सरला. बसवरची पाटी वाचली, मामांची टोपी बघितली, पुन्हा पाटी वाचली. "काढा! काढा आधी ही गाडी!"

मामांनी चौक ओलांडला आणि आरशातून काकांना म्हणाले, "भाषा आली की रस्ता मोकळा व्हतो बगा. तुमी बी शिका."

*

सगळ्यात मोठं भांडण मात्र एकाच गोष्टीवरून. वाळवंट आधी की बर्फ आधी?

प्रमोदचं म्हणणं, उत्तरेकडून सुरू करा, ऊन सोसतं आपल्याला. स्वेटर तळाला टाका, शेवटी लागेल. मी म्हणायची, आधी बर्फ. गुडघ्यात दम आहे तोवर अवघड स्टेशन उरकून घ्या, स्वेटर वर ठेवा. बसचे दोन पक्ष झाले. उजव्या बाजूच्या सीटा वाळवंटवाल्या, डाव्या बर्फवाल्या. नवा माणूस चढला की आधी त्याला विचारायचं, मग बसायला जागा द्यायची! काका दोघांचंही ऐकायचे आणि हसायचे. त्यांचं काही ठरायचं नाही.

कारण घोडं पेंड खात होतं ते रहाटणीत. काकूंना हे सांगितलंच नव्हतं! रोज संध्याकाळी उतरताना काका म्हणायचे, "आज सांगतो." रोज सकाळी चढताना मान हलायची, नाही.

एकदा मी चिडलेच. "काका, फंडातले पैसे बाजूला ठेवलेत, पासपोर्ट आलाय, अडतंय कुठे?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुजाता, तिनं गावाकडं घर बांधून घेतलंय. परसात अळू कुठं लावायचं त्ये पण ठरलंय तिचं. ह्या दोन खोल्यांत तिनं नुसती गावाची वाट बघितली. मी कुठंतरी एका जागी उभा हुतो, तर ती पण उभीच हुती की! आता तिला कसं सांगू, का मी एकटाच उलट्या बाजूला निघालोय?"

मला फार वाईट वाटलं.

*

मार्च संपला. आमच्याकडे रिटायर होणाऱ्याला हार घालून, बसने घरापर्यंत पोचवायची पद्धत आहे. बस झेंडूने सजली. रहाटणीच्या त्या अरुंद रस्त्यावर मामांनी ती आडवी घातली. मागे हॉर्न वाजायला लागले, मामांनी हात बाहेर काढून सगळ्यांना ग्रासियास म्हटलं.

काकू इमारतीच्या दारात औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काकांच्या पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, कुंकू लावलं. प्रमोद काकांच्या कानाशी म्हणाला, "काका, आता नाही तर कधी सांगायलाव?"

काकांनी गळ्यातले हार सारखे केले. खाकरले. आम्ही सगळे खिडक्यांना लटकलेलो.

"विमल, मी काय म्हणत हुतो..."

काकूंनी ताट शेजारणीच्या हातात दिलं आणि आत गेल्या. काकांचा चेहरा उतरला.

काकू परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात ती सॅक होती. त्यांनी ती पायरीवर ठेवली. मी सवयीने आधी डावा पट्टा बघितला. शिवण उसवून पुन्हा घातलेली होती, दुहेरी दोऱ्याने. टाका इतका सरळ, की मी जागच्या जागी पास केला असता.

काकू काकांकडे बघेचनात. बसकडे बघून, पदर खोचत म्हणाल्या, "ह्यांचं झोपेत बडबडूनसुद्धा काय ठरंना, तर तुम्हीच सांगा. आमचे दोघांचे स्वेटर वर ठेवू का तळाला?"