ज्यानं खाल्लं त्यानं उचलायची

"सख्या, तुझी पत्रावळ तू उचल. आन् जागंला शेण लाव."

रंगराव पाटील भर मांडवात हे बोलला. देवासात, त्याच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात. पंगत अर्धी जेवून झाली होती. माझ्या बापाच्या हातात घास होता. तो तोंडात घालावा की खाली ठेवावा, हे त्याला कळेना. शेवटी त्यानं तो खाली ठेवला.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. आई धावत पुढं आली आणि बाच्या पत्रावळीला तिनं हात घातला. रंगराव म्हणाला, "तू नको. ज्यानं खाल्लं त्यानं उचलायची." मग त्यानं इकडंतिकडं बघितलं. त्याला मी दिसले. मला म्हणाला, गोठ्यातनं शेण आण.

मी आणलं. ओंजळीत धरून आणलं. मोठ्या माणसानं काम सांगितलं की करायचं, एवढंच मला माहीत होतं. बानं पत्रावळ उचलली. लापशीचं तूप त्याच्या मनगटावरून कोपराकडं ओघळलं. मग गुडघ्यांवर बसून त्यानं आपली जागा सारवली. शेजारच्या पानांवर लोक जेवतच होते. वाढप्यानं बाला वळसा घातला आणि पुढच्या पानावर भात वाढला.

आम्ही परीट. मूळ गाव साताऱ्याकडं. आजा दरबारच्या धुण्यासाठी पोरसवदा बाला घेऊन देवासला आला आणि तिथंच राहिला. देवासला राजाच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी; त्यातल्या थोरल्या पातीच्या वाड्याचं धुणं आमच्याकडं होतं. इथल्या माळवी लोकांना आमच्यातली जातपात काही उमगत नव्हती. त्यांच्या लेखी ब्राह्मणही दखनी, मराठाही दखनी, आम्हीही दखनीच. त्या एका शब्दाच्या आडोशाला माझा बाप सुखानं जगत होता. मान वर करून चालत होता.

मग एके दिवशी गावचा रंगराव बोचकं घेऊन आमच्या दारात उभा राहिला. पाटलाचा मुलगा, पण बाच्या बरोबरीचा. दोघं लहानपणी एकाच डोहात पोहायला शिकले होते. भावकीत भांडण होऊन तो घराबाहेर पडला होता आणि दरबारात चाकरी शोधायला इतक्या लांब आला होता. देवासच्या मराठा सरदारांनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, गावची खुशाली विचारली. राहा म्हणून कुणी म्हटलं नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. गाढवं आमच्याच दारात बांधलेली होती.

बाला कोण आनंद झाला. शेजारची गेंदाबाई माळवीत म्हणाली, "बई, थारा देस का पावणा आया हे," बाई, तुझ्या मुलखाचा पाहुणा आलाय, आणि तिनं गुळाचा खडा आणून दिला. पाहुणा आला म्हणजे सगळ्या आळीचा, अशी इथली रीत. आईनं आपली गोधडी त्याला दिली. पहिल्या संध्याकाळी आई चुलीपाशी घुटमळली. ह्याला शिधा द्यावा की भाकरी, हे तिला कळत नव्हतं. रंगराव स्वतःच पुढं येऊन बाच्या शेजारी बसला.

"परमुलखात चूल बघायची नसती, सखाभाऊ," तो म्हणाला. "माणूस बघायचा."

हे वाक्य बा पुढं कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत होता.

पावसाळा गेला, हिवाळा आला, तरी रंगराव आमच्याकडंच. बाच्या शेजारी बसून, एकाच काठवटीतली भाकर मोडून खायचा. त्याचं ताट आई उचलायची, मी घासायचे. मला तो काका वाटायचा, हेही सांगून टाकते. कारभाऱ्यांपुढं उभं राहायचा दिवस आला तेव्हा त्याच्याकडं धड सदरा नव्हता. होता तो बानं तलावावर नेऊन धुतला, खळ दिली, इस्त्री केली. परटाघडीचा कडक सदरा घालून रंगराव गेला आणि पागेवरचा जमादार होऊन आला. मग घर घेतलं. बायकोला आणलं, बहिणीला आणलं. धुणं मात्र आमच्याकडंच येत राहिलं, कारण परटाच्या हातच्या कापडानं कुणी बाटत नाही.

आता बाची चूक सांगते. ती चूक परमुलखातला परीटच करू शकतो. गावी असता तर तो पंगतीला बसलाच नसता. गावी लग्नात परटानं पायघड्या घालायच्या, नवरा-नवरी त्यावरून चालून गेली की त्या गोळा करायच्या, आणि शेवटी टोपलीत अन्न घेऊन घरी जायचं. ते त्याच्या रक्तात होतं. त्या दिवशी सकाळी त्यानं पायघड्या घातल्याही, आणि हौसेनं घातल्या. पण रंगरावच आदल्या दिवशी म्हणून गेला होता, सखाभाऊ, तू तर घरचाच. माझ्या भोळ्या बापानं ते खरं मानलं आणि पंगतीच्या टोकाला जाऊन तो बसला.

देशाकडून आलेल्या एका सोयऱ्यानं विचारलं, हा टोकाचा कोण? कुणीतरी म्हणालं, आमच्या गावचा परीट. त्या ओळीतले हात तेवढ्यापुरते थांबले. रंगराव उठला. त्यानं बाच्याकडं बघितलं, सोयऱ्याकडं बघितलं. सखाभाऊ तिथंच मेला. उरला सख्या.

घरी येताना मी बाला विचारलं, तुम्ही उचलली कशाला? त्यानं कोपराला लागलेलं तूप धोतराला पुसलं. मग म्हणाला, परमुलखात आपलं माणूस म्हणून तेवढंच आहे. दुसऱ्या दिवशी त्या लग्नघरच्या धुण्याचं गाठोडं घेऊन तो तलावावर गेला. मला रंगरावाचा राग आला होताच, पण बाचा त्याहून जास्त आला. आईनं घरातली काठवट राखेनं घासली, खूप घासली, आणि उलटी करून कोपऱ्यात ठेवली. त्या काठवटीत तिनं पुन्हा पीठ मळलं नाही.

मी मात्र ते वाक्य गाठ मारून ठेवलं. ज्यानं खाल्लं त्यानं उचलायची.

पुढं माझं लग्न होऊन मी धारला आले. नवरा दरबारचाच परीट, घर मुंज तलावाच्या काठाला. बा गेला. आई गेली. दोघांच्याही तेराव्याला रंगराव फिरकला नाही. मी त्याची वाट बघत नव्हते, पण तो आला नाही हे मी मनात लिहून ठेवलं.

मग देवासात उंदीर पडायला लागले. प्लेग. लोक घरं सोडून माळावर झोपड्यांत जाऊ लागले, जमेल तिकडं पळू लागले. एक दिवस दुपारी आमच्या दारात बैलगाडी थांबली. गाडीतून रंगराव उतरला, मागोमाग त्याची बायको. केस पिकले होते, सदरा मळलेला होता. त्याच बहिणीच्या सासरी, इथं धारला, ते आधी गेले होते. सासरच्यांनी दार उघडलं नाही. प्लेगच्या गावचे तुम्ही, बाहेरच थांबा, असं माडीवरून सांगितलं. मग त्याला सखा परटाची पोर आठवली.

माझा नवरा मवाळ माणूस. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, मी कुठं नाही म्हणते? मुलांना जावेच्या घरी पाठवलं. कपड्यांच्या भट्टीच्या पडवीत दोघांना जागा करून दिली. आत पाऊल टाकताना रंगराव हसला आणि मला म्हणाला, "परमुलखात आपलंच माणूस कामाला येतं, पोरी. चूल कोण बघतंय?"

तोपर्यंत माझं ठरलं नव्हतं, खरं सांगते. त्या वाक्यानं ठरलं.

मी ज्वारीच्या भाकऱ्या केल्या, पिठलं केलं, वर कांदा. उपाशी माणसाला हात राखून वाढायचं नाही, हे आईचं वळण. अंगणात पत्रावळी मांडल्या, तलावावर धुणाऱ्या बायकांना सरळ दिसेल अशा. दोघं पोटभर जेवले. रंगरावानं ढेकर दिली आणि हात धुवायला उठू लागला. तेव्हा मी शेणाचा गोळा आणला आणि त्याच्या पानाशी ठेवला.

"पत्रावळ उचला," मी म्हटलं. "आन् जागेला शेण लावा."

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्याचा चेहरा उतरलेला मी बघितला आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तो हळू आवाजात म्हणाला, "पोरी, आज तुझा बाप असता तर..."

"बाप नाही. मी आहे."

त्याच्या बायकोनं मुकाट्यानं पत्रावळीकडं हात नेला. तिचा काही गुन्हा नव्हता. तिच्याकडं बघून क्षणभर मला माझी आईच दिसली, आणि त्यानं मी मऊ पडले नाही, उलट घट्ट झाले. मी म्हटलं, "काकू, तुम्ही नका. ज्यानं खाल्लं त्यानं उचलायची."

तलावावरचं धोपटणं थांबलं होतं. गाडी निघून गेली होती. गावातली दारं बंद होती. रंगरावानं सगळीकडं बघून घेतलं आणि मग वाकून पत्रावळ उचलली. गुडघ्यांवर बसला. शेण त्यानं जन्मात हातानं लावलेलं नसणार, नुसतंच फासलं. मी कडेला उभी राहून बघत होते.

"कोपरा राहिला," मी म्हटलं. त्यानं कोपराही सारवला.

प्लेग ओसरेपर्यंत ते पडवीत राहिले. खायला मी कधी कमी केलं नाही, आणि पत्रावळही कधी सोडली नाही. नवरा म्हणाला, झालं आता, फेडलंस. मी म्हटलं, बाच्या कोपरावरून ओघळलेलं तूप तुम्ही बघितलेलं नाही. एक-दोन दिवस रंगराव न जेवता बसला. मी जेव म्हटलं नाही. भूक लागली तेव्हा आपण होऊन पानावर आला. त्याच पडवीत माझा नवरा त्याचे सदरे धुऊन घडी घालून ठेवत होता आणि ते तो निमूट घालत होता.

जाताना काकू पाया पडायला वाकली, ती मी अडवली. तो गाडीत जाऊन बसला. पुढं देवासाकडून येणाऱ्यांनी सांगितलं, त्यानं भटजी बोलावून प्रायश्चित्त घेतलं आणि म्हणतो, धारच्या परटिणीनं माझे हाल केले. खरं आहे. केले. पुन्हा आला तर पुन्हा करीन.

गावाकडची माणसं अजून येतात, कुणी चाकरीसाठी, कुणी मोहनखेड्याच्या जैन देवळाकडं कामाला जाताना. माझ्या घरी कुणाला नाही म्हणत नाही. भाकर देते, गोधडी देते. पण दाराशी शेणाची पाटी भरून ठेवलेली असते. जो मला आपल्या पंगतीत बसवतो, त्याची पत्रावळ मी उचलते. जो बसवत नाही, तो आपली आपण उचलतो, मग तो पाटील असो की सरदार.

माझ्या लेकीला तेवढं एकच शिकवून ठेवलंय. कुणी मांडवात शेण आण म्हटलं तर रडायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. जाऊन आणायचं, आणि म्हणणाऱ्याच्या पानाशी ठेवायचं.