साहेबांचा चेंडू

माझ्या आतेबहिणीइतकी भांडखोर मुलगी सोलापुरात दुसरी झाली नाही, आणि तिच्याइतकी मर्यादशीलही झाली नाही. ही दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. कारण सत्तरच्या दशकात ती जिथे जिथे टेनिस खेळायला गेली, तिथे तिथे तिची रॅकेट, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि कडक भाकऱ्यांचं गाठोडं सांभाळत मी तिच्यामागे हिंडलो आहे. एकट्या मुलीला परगावी धाडायची तेव्हा रीत नव्हती आणि बी. कॉम.ला गटांगळी खाऊन घरी बसलेला माझ्यासारखा सोयीचा भाऊ आख्ख्या नात्यागोत्यात नव्हता.

आमच्या घराण्यात टेनिस आलं ते गाद्या झटकायला. आतोबा, म्हणजे तिचे वडील, मूळचे मंद्रूपचे. सोलापुरात सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरीच्या मागे साहेबलोकांचं मुरमाचं टेनिस कोर्ट होतं. एक साहेब बदली होऊन जाताना आपली जुनी रॅकेट आतोबांना देऊन गेले आणि आत्याने तिचा मान राखून पहिल्याच रविवारी त्या रॅकेटने सगळ्या गाद्या बडवल्या. पुढच्या रविवारपर्यंत रॅकेट पोरीने पळवली होती. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की ही परसातल्या भिंतीवर चेंडू बडवायला लागे, ते शाळेची वेळ होईपर्यंत. पलीकडच्या बिऱ्हाडाच्या फळीवरचे डबे त्या काळात कधी जागेवर राहिले नाहीत. पुढे एकदा साहेबांना डबल्सला चौथा गडी मिळेना, म्हणून आतोबांच्या पोरीला बोलावणं आलं. त्या दिवशी आतोबांनी टोपी नीट करत तिला आयुष्यातलं एकमेव प्रशिक्षण दिलं. म्हणाले, "हे बघ, साहेबाचा बॉल कदी भाईर जात नसतो. ध्येनात ठेव."

तिने ते असं ध्यानात ठेवलं की विचारू नका. टेनिसमध्ये पंच नसला तर आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निकाल आपणच द्यायचा असतो. साहेबांचा चेंडू चुन्याच्या रेघेच्या खुशाल वीतभर बाहेर पडावा, ही "आत हाय, साहेब, लई भारी!" म्हणणार आणि मुरमावर उठलेली चेंडूची खूण कॅनव्हासच्या बुटाने अलगद पुसून टाकणार. पुरावाच नाही म्हटल्यावर साहेबांनाही ते पटे. तिच्याशी दोन वर्षं खेळून बदलून गेलेल्या एका साहेबांनी नव्या गावाहून कळवलं होतं की इथली हवा टेनिसला अजिबात मानवत नाही.

आणि हीच मुलगी बरोबरीच्या पोरींशी खेळायला उभी राहिली की ओळखू येत नसे. समोरचीचा चेंडू रेघेबाहेर केसभर जरी पडला, तरी ही रॅकेटने त्या खुणेभोवती वर्तुळ काढून पहाऱ्याला उभी राहायची. "औट हाय बे! डोळं हायत का बटनं?" ही आरोळी चार कोर्टांपलीकडे जाई. मधल्या सुट्टीत ती शेंगाचटणी लावून कडक भाकरी खात बसे, आणि तो कडाडा ऐकून शेजारच्या कोर्टावरच्या मुलींच्या सर्व्हिस जाळीत जात. कोल्हापुरात एक मुलगी तिच्याशी वाद घालता घालता रडायलाच लागली, तेव्हा हिनेच तिला जवळ बसवून आपली अर्धी भाकरी खाऊ घातली. आणि परत उठून तिला हरवलं. मुलींच्या गटातले बहुतेक सगळे कप आत्याच्या फडताळात आले. त्यांतल्या मोठ्यात ती पापड ठेवत असे.

अठरावं सरलं आणि मुलींचा गट संपला. आता खेळायचं ते मोठ्या बायकांशी, खुल्या गटात. मुंबईच्या एका क्लबाने निरोप धाडला होता की पोरगी खुल्या गटात एखाद्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठून दाखवू दे, मग रोख बक्षिसांच्या स्पर्धांना आम्ही तिला देशभर पाठवू. आत्याला हे काही झेपेना. "खेळायचं बी आपन आन पैसं बी आपनच घ्यायचं? लोकं काय म्हनतील?" ती विचारी. आतोबांनी मात्र सरळ सांगितलं होतं की उन्हाळ्यापर्यंत वाट बघू, नाहीतर टेलिफोन एक्स्चेंजात नोकरीची सोय केली आहे, मुकाट्याने तिथे बसायचं. माझी आतेबहीण दिवसभर खुर्चीवर बसून लोकांशी गोड बोलते आहे, हे चित्र मला काही केल्या डोळ्यांपुढे आणता येईना.

पण खुल्या गटात तिचं भलतंच होऊन बसलं. पुण्याच्या पहिल्याच सामन्यात ती जाळीपाशी गेली आणि हात मिळवायच्या ऐवजी वाकून समोरच्या बाईंच्या पाया पडली. बाई जेमतेम तिशीच्या असतील, बिचाऱ्या दचकून दोन पावलं मागे सरल्या. नंतर सामनाभर हिचं तेच. बाईंचे बाहेर पडलेले चेंडू आत घेत आणि बुटाने खुणा पुसत ती सपाटून हरली. नाशकात तेच, साताऱ्यात तेच. परतताना एस.टी.त मी विचारलं, "शेवटचा चेंडू बाहेर होता की नाही?"

"व्हता की."

"मग?"

"दादा, त्या केवढ्या मोठ्या हायत! त्यांच्या तोंडावर औट म्हनू व्हय?"

मी कपाळाला हात लावला. हिच्या लेखी वयाने मोठं माणूस म्हणजे साहेब, आणि खुल्या गटात हिच्यापेक्षा लहान कुणी सापडायचंच नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी शेवटची संधी आली ती सोलापुरातच, त्याच मुरमाच्या कोर्टावर. ती कशीबशी उपान्त्य फेरीत पोचली आणि समोर कोण उभ्या राहाव्यात, तर खुद्द आतोबांच्या साहेबांच्या पत्नी. साहेब कडेला वेताच्या खुर्चीवर. आतोबा तारेच्या कुंपणापलीकडे, निंबाखाली, टोपी सावरत उभे. साहेबांसमोर ते कधी बसलेच नव्हते. रेघांवर पंच नव्हते. पोरगी जीव तोडून खेळत होती आणि जेवढं मिळवत होती तेवढं बुटाने पुसून परत देत होती. तिसऱ्या सेटच्या शेवटी अशी वेळ आली की बाईसाहेबांना एक गुण मिळाला की खेळ खलास. बाईसाहेबांनी चेंडू मारला, तो रेघेच्या चांगला बाहेर पडला. पोरीने एकदा चेंडूकडे पाहिलं, एकदा बाईसाहेबांकडे, आणि तिचा बूट सवयीने खुणेकडे सरकला.

"पाय काढ!"

कुणी ओरडलं ते क्षणभर कळेना, कारण तो आवाज आम्ही कुणीच पूर्वी ऐकला नव्हता. आतोबा दोन्ही हातांनी कुंपणाची तार धरून उभे होते. "पाय काढ म्हनतो न्हवं तितनं! औट हाय त्यो! बाईसाहेब, माफी असावी, पर औट हाय!"

बाईसाहेब जाळीला वळसा घालून आल्या, वाकून खूण पाहिली आणि म्हणाल्या, "चांगला चार बोटं बाहेर आहे. का गं, मघाचेही असेच होते?"

"समदे न्हाईत, बाईसाहेब," पोरगी खाली मान घालून म्हणाली.

बाईसाहेब पोट धरून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "आता नीट खेळ. नाहीतर मी खरंच रागावेन." त्यानंतरचं पहिलं "औट" ती इतक्या हळू म्हणाली की मलाही ऐकू आलं नाही. पुढचं मात्र कुंपणापलीकडे गेलं. ती जिंकली आणि धावत जाऊन आधी बाईसाहेबांच्या पाया पडली. आतोबांकडे मात्र तिला बघवेना. मला तर काही दिसतच नव्हतं, डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी आतोबा बदलीच्या तयारीनेच कचेरीत गेले. साहेबांनी बोलावून एवढंच विचारलं, "काय हो, मी खेळतो तेव्हा माझे चेंडूही...?"

"छे छे साहेब," आतोबा म्हणाले, "आपले आतच असत्यात."

ती मुंबईला गेली, पुढे बरीच वर्षं देशभर बक्षिसांच्या स्पर्धा खेळली, चांगलं नाव कमावलं. टेलिफोन एक्स्चेंज वाचलं. आता ती सोलापुरातच असते, मुलांना शिकवते. आतोबा गेले. ते निंबाचं झाडही राहिलं नाही. कधी रविवारी ती मला हौसेने कोर्टावर नेते, आणि गुडघ्यांची कुरकुर ऐकत मी खेळतो. परवा माझा एक फटका थेट मागच्या भिंतीपाशी जाऊन पडला. मीच म्हटलं, "अगं, औट आहे."

ती मागे गेली, खाली बघितलं आणि बुटाने माती सारखी केली. "आत हाय, दादा. लई भारी."

मी उगीचच कुंपणाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मग मी पुढची सर्व्हिस करायला मागे गेलो.