जुन्या धन्याचा नारळ

दरवर्षी पेरणीआधी आमच्या बांधावरच्या शेंदरी दगडापुढे नारळ फोडतात. त्याला घरात ‘जुन्या धन्याचा नारळ’ म्हणतात. पणजोबा दुष्काळात देशावरून इथं सातपुड्याच्या पायथ्याशी आले आणि जंगल तोडून त्यांनी हे शेत केलं. “तेव्हा इथं माणूस म्हणून नव्हतं,” असं आमच्याकडे अजून अभिमानानं सांगतात. मग जुना धनी कोण, असं मी लहानपणी विचारलं होतं. काकांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, आणि विषय संपला. आपणच पहिले आलो म्हणणाऱ्यांना आधीचे लोक फक्त भीतीपुरते आठवतात.

परवा नारळ फोडून झाल्यावर, पाड्यावरून मजुरीला आलेली एक भिल्ल म्हातारी त्या दगडापाशी थांबली. तिनं चपला काढल्या. घरच्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा दगडावरून हात फिरवला आणि तिथलं नारळाचं भकल उचललं.

“ए म्हातारे, ठेव ते खाली,” काका खेकसले. “धन्याचं आहे ते.”

तिनं ते परत ठेवलं आणि आमच्या शेतातली धसकटं वेचायला वाकली.

माझ्या तोंडात खोबरं होतं.