रांजणाचा रेग्युलेटर

निजामाच्या राज्यातले आमच्या परळीच्या जिनिंगमधले किस्से म्हणजे सरकी. कापूस गाडीत बसून निघून जातो, सरकीचा ढीग मागं राहतो! त्यातले चार पसे तुम्हाला देते.

जिनिंग माझ्या दिरांची, आबारावांची. घर तिला लागूनच. त्यांनी ऑइल इंजिनाला डायनामो जोडला. यंत्रातला कापूस सरला की इंजिन उधळायचं, व्होल्टेज चढायचं आणि बल्ब फट्!

मी शाळेचं तोंड पाहिलेलं न्हाई, अक्षरं गठाणींवरच्या छापावरून उचलली. पण रेग्युलेटर मीच केला! रांजणात मिठाचं पाणी, त्यात दोन लोखंडी पट्ट्या; बल्बाची वीज त्यांच्यातूनच जाते. एक पट्टी दांड्याला टांगलेली. ती खोल बुडाली की उजेड वाढतो, वर आली की घटतो. व्होल्टेज चढलं की मी गुंडाळलेली कॉइल दांडा ओढून पट्टी उचलते. झालं!

हैदराबादचा एक इंजिनिअर बघून म्हणाला, "ये तो घड़ा है!"

मी म्हटलं, "विलायतेत केला की रेग्युलेटर, परळीत केला की घडा व्हय?"

*

मग बल्ब मिणमिणायला लागले. करीमभाई फिटरनं सगळे जोड उकलून पुन्हा आवळले. मी सांजेला मीठ घालून उजेड आणावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! शेवटी सकाळीच जाऊन बघितलं, तर माझी धाकटी जाऊ गोदा रांजण उपडा करून राखेनं घासतीय!

"अगं, काय करतीस?"

"शिळं पाणी ठेवतेत का घरात? ओतून ताजं भरते. आन् अक्का, रोज लई खारट लागतंय. आड बदला!"

*

गोदाला दटावलं, तर उलटाच रोग. बल्ब भगभगून फुटायला लागले. करीमभाई कॉइलला शिव्या घालत बसला. मी इंजिन बंद करून पाण्यात बोट बुडवलं, चाखलं. लोणच्याहून खारट! आबारावांची मान खाली.

"जरा मंद वाटलं, म्हणून मूठभर टाकलं."

"कावून?"

"वैनी, आमटीत टाकतोच की!"

"भावजी, आमटी फुटत न्हाई!"

*

एका धनगराच्या शेळीनं रांजणातलं पाणी पिऊन घेतलं आणि इंजिन सुरू होऊन झटका बसताच बोंबलत पळाली. मालक भांडायला हजर. "बाई, शेळी भरून द्या!"

"माझा अर्धा रेग्युलेटर तिच्या पोटात हाय. आधी तो दे!"

*

शेवटी एकच बल्ब उरला. आबारावांनी बजावलं, "वैनी, हा गेला की तुमचा रांजण उकिरड्यावर, आन् घरात कंदील!"

त्याच सांजेला तहसीलदारसाहेब आले. ओसरीवरच्या रांजणातून दांड्याचं पट्टीकडचं टोक बाहेर आलेलं. साहेबांना ती खुंटी वाटली. त्यांनी आपली चांदीच्या मुठीची काठी तिथं अडकवली!

काठीच्या वजनानं पट्टी थेट तळाला. कॉइलला ती उचलवेना. बल्ब पिवळ्याचा पांढरा व्हायला लागला. सगळ्यांना दिसत होतं, पण साहेबाच्या काठीला हात कोण लावणार? करीमभाईनं डोळेच मिटून घेतले. आबाराव हात जोडून म्हणाले, "हुजूर, आपके आने से रोशनी बढ़ गई!"

साहेब खूश. तक्क्याला आणखी रेलून बसले. बल्ब आता गुणगुणायला लागला.

मी पुढं झाले, काठी काढली आणि साहेबांच्या हातात दिली. पट्टी वर आली, उजेड ठिकाणावर आला.

साहेब हातातल्या काठीकडं बघत उठले. "और अब रोशनी क्यों घट गई, बाई?"

"आता बराबर झाली, हुजूर. तुमी निघालात ना!"