'शे का?' विचारणारे डॉक्टर

माणूस जिवंत आहे की नाही, या एकाच गोष्टीची आमच्या शेजारच्या डॉक्टरांइतकी चौकशी करणारा इसम अख्ख्या खानदेशात झाला नसेल, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. आपण रस्त्यात कोणी भेटला की 'काय, बरं आहे ना?' म्हणतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढे सटकतो. डॉक्टर उत्तरासाठी थांबत. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास ते छातीच्या रोगांचे डॉक्टर म्हणून धुळ्याला आले. मूळचे रत्नागिरीकडचे, सडेफटिंग, आणि इतके बारीक की त्यांच्या बरगड्या मोजायला यंत्र लागू नये. मी तिथे शाळामास्तर. आमच्या दोन बिऱ्हाडांत एकच भिंत होती. माझ्याकडे आलेला पाहुणा जेवताना ठसकला की भिंतीपलीकडून आवाज येई, "मास्तर, पाहुण्यांना उद्या सकाळी दवाखान्यात घेऊन या." पाहुणा त्याच संध्याकाळची गाडी पकडून परत जाई. माझ्या घरखर्चाला डॉक्टरांचा असा मोठाच हातभार लागला.

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. राहत त्या छात्या. मोटार स्टँडवर एखाद्याने वाकून रामराम केला की ते गोंधळून बघत आणि म्हणत, "जरा सदरा वर करता का?" बिचारा भर स्टँडवर सदरा वर करी. पाठीवर बोटं वाजवून, कान लावून झाल्यावर डॉक्टरांचा चेहरा उजळे. "अहो, भडगावचे आबा तुम्ही! आधी नाही का सांगायचं?" त्यांच्या खिडकीला पडदे नव्हते. तिथे छातीचे फोटो टांगलेले असत, उन्हात बघायला बरे पडतात म्हणून. आळीतल्या बायका त्या खिडकीखालून पदर तोंडाला लावून जात. मला मात्र चहाच्या पेल्याबरोबर तो सगळा गोतावळा दाखवला जाई. "हे पिंप्राळ्याचे नाना. ही उजवीकडची सावली बघा. बिडी सोडली म्हणतात, पण खिसा अजून वास मारतो."

या वेडामागे एक काम होतं, आणि ते काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्या काळी आमच्याकडे खोकला लांबला की क्षय, एवढंच लोकांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर पुष्कळशा डॉक्टरांनाही. क्षयाच्या इंजेक्शनांनी ज्यांना उतार पडत नाही अशी माणसं या गृहस्थाने वेगळी काढली. त्यातल्या काहींच्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ निघाली. मुंबईला त्यांचे एक शस्त्रवैद्य मित्र होते, ते गाठ कापून काढत. मग दोघांनी ठरवलं की काही जणांवर नुसती शस्त्रक्रिया करायची, काहींना त्यानंतर क्ष-किरणांचे शेकही द्यायचे, आणि कोण जास्त जगतं ते पाहायचं. कोणाला काय मिळणार ते चिठ्ठी टाकून ठरे. डॉक्टरांच्या मर्जीला त्यात जागा नव्हती. आबांचा मुलगा एकदा वशिला घेऊन आला होता. "आमच्या वडिलांना जास्तीचं द्या," म्हणाला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "जास्तीचं ते चांगलं, हे अजून कोणालाच माहीत नाही. तेच शोधतोय. मी निवड करायला लागलो तर मला आवडणाऱ्यांना एक देईन आणि बाकीच्यांना दुसरं, आणि शेवटी काहीच कळणार नाही."

आता कोण किती जगलं हे कळायला प्रत्येकाची वर्षावर्षाला खबर हवी. माणूस जिवंत असावा, नाहीतर गेलेला असावा, त्याबद्दल डॉक्टरांची तक्रार नसे. निदान कागदावर तरी नसे. पण 'माहीत नाही' हे उत्तर त्यांना खपत नसे. "माहीत नाही म्हणजे आपण गेलो नाही, विचारलं नाही," असं ते म्हणत. दवाखान्याचं कार्ड गावात आलं की लोक घाबरून ते चुलीत घालत. म्हणून सुट्टीच्या दिवशी डॉक्टर स्वतःच निघत, आणि भाषेसाठी मला बरोबर ओढत. अहिराणी त्यांना शेवटपर्यंत आली नाही. दोनच शब्द त्यांनी पाठ केले होते, 'शे का?', म्हणजे आहे का? वेशीवर भेटेल त्याला ते रोग्याचं नाव सांगत आणि विचारत, "शे का?" शिंदखेड्याच्या बाजूला त्यांचं नावच 'शे का डॉक्टर' पडलं. एखाद्या धडधाकट म्हाताऱ्याच्या दारात ते उभे राहिले की घरातल्या बायका आधी म्हाताऱ्याकडे बघून घेत.

कानबाईची युक्ती त्यांना सापडली ती आमच्या गावी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, आदल्या दिवशी घरातली वडीलधारी बाई सूप घेऊन बसते आणि घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेते. परगावी असलेल्याचीही मूठ निघते. गेलेल्याची निघत नाही. हे कळलं तेव्हा डॉक्टरांना झालेला आनंद मी विसरलो नाही. "मास्तर, अहो, तुमच्या बायका इतकी वर्षं माझंच काम करताहेत!" तेव्हापासून श्रावण उलटला की ते गावोगाव विचारत, "कानबाईला त्यांच्या नावाची मूठ घेतली का?" त्यावर कोणी दचकत नसे, आणि उत्तर सरळ मिळे.

कानबाईचा आदला दिवस मात्र ते आमच्या गावासाठी राखून ठेवत, कारण तिथे हिलाल होता. हिलाल आमच्या गल्लीतल्या भागाअक्काचा धाकटा मुलगा. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. गाठ काढून वर शेक मिळालेल्यांत तोच सगळ्यांत जास्त टिकला होता. बरा होऊन तो सुरतेच्या गिरणीत कामाला लागला. एकदोन वर्षं कानबाईला आला, नंतर रजा मिळत नाही असे निरोप येऊ लागले. अक्का सुपाशी बसली की डॉक्टर दारातून विचारत, "हिलाल, शे का?" अक्का हसून म्हणे, "शे, शे. तुम्हना हिलाल शे," आणि त्याची मूठ घेई.

मग डॉक्टरांना मुंबईच्या सभेत आपला निष्कर्ष वाचायचं बोलावणं आलं. हिलालवर त्यांची फार भिस्त होती. शेकांचा उपयोग होतो असं म्हणायला तोच काय तो आधार. पण नुसत्या मुठीवर ते सभेत उभे राहणार नव्हते. त्या वर्षी अक्काच्या अंगणात पाय ठेवताच त्यांनी थोरल्या मुलाला, आत्मारामला, बाजूला घेऊन हिलालचा सुरतेचा पत्ता मागितला. आत्माराम बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला.

"तो नई आते, डॉक्टर. गुदस्ता होळीना आगेच गया. खोकलामा रगत पडे. तापीवर बठ्ठं करी उनू मी. भाऊबंदस्ले सांगं. मायले सांगानी हिंमत नई व्हयनी."

मी डॉक्टरांना मराठीत सांगितलं, हिलाल आता नाही, गेल्या वर्षी होळीआधीच गेला, आत्माराम तापीवर सगळं उरकून आला, भाऊबंदांना सांगितलं, फक्त आईला सांगायची हिंमत झाली नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तेवढ्यात आतून हाक आली, "डॉक्टर उनात का? या, बठा."

आम्ही दारात जाऊन उभे राहिलो. अक्काने आत्मारामची मूठ घेतली, नातवाची घेतली. मग गव्हात हात घालून ती नेहमीसारखी डॉक्टरांच्या प्रश्नासाठी थांबली. डॉक्टर सारवलेल्या जमिनीकडे बघत होते. जन्मभर ज्यांनी एकच प्रश्न विचारला त्यांच्या तोंडून तो निघेना.

"डॉक्टर," अक्का हळूच म्हणाली, "आज तुम्ही इचारं नई."

डॉक्टर तिच्यासमोर खाली बसले. "अक्का, हिलाल गेला," ते म्हणाले. "माझ्या औषधाने तो वाचला नाही." एरवी त्यांची वाक्यं मी अहिराणीत करून सांगत असे. त्या दिवशी त्याची गरज पडली नाही. अक्काने मूठ उघडली, गहू परत टोपलीत पडला. "तठे त्यानाजोडे कोन व्हतं?" तिने विचारलं. आत्माराम म्हणाला, "मी व्हतू." "बरं करं," ती म्हणाली, आणि मग पदरात तोंड घालून रडली.

परतताना मी न राहवून म्हटलं, "हे तुम्हाला सभेनंतर कळलं असतं तर?" ते म्हणाले, "तर माझी वाहवा झाली असती, आणि पुढच्या रोग्याला उगाच भाजलं असतं." शेकांनी माणसं जास्त जगली नाहीत, असं त्यांनी मुंबईला वाचून दाखवलं. टाळ्या बेताच्याच पडल्या असं त्यांनीच मला सांगितलं.

पुढच्या वर्षी कानबाईला ते पुन्हा निघाले तेव्हा मला नवल वाटलं. हिलालची चौकशी तर संपली होती. "अक्कांची बाकी आहे," ते म्हणाले. इतकी वर्षं त्यांना अक्काकडे भाजीभाकरी मिळे, पण रोट नाही, कारण रोट फक्त भाऊबंदांचा. त्या वर्षी अक्काने घरातल्यांच्या मुठी घेतल्या आणि वर आणखी एक घेतली. "हाई डॉक्टरनी." जमलेले भाऊबंद कुरकुरले. अक्का सुपावरून मान वर न करता म्हणाली, "मन्हा पोऱ्यानी खबर बठ्ठास्ले व्हती. माले सांगं ते यानीच." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रोट खाल्ला, मान खाली घालून, अगदी सावकाश.

मग त्यांची तब्येत उतरत गेली. एकदा त्यांनी स्वतःच्या छातीचा फोटो काढवून घेतला. तो खिडकीत लागला नाही. नोकरी सोडून ते कोकणात गावी गेले. त्यानंतर दर श्रावणात मला कार्ड येई. एका बाजूला माझा पत्ता आणि दुसऱ्या बाजूला एकच शब्द, 'शे.' ते घेऊन मी अक्काकडे जाई आणि डॉक्टरांची मूठ निघे. एवढं मोठं कार्ड एका शब्दावर वाया घालवणारा माणूस पोस्टानेही दुसरा पाहिला नसेल.

यंदा कार्ड आलं नाही. मी दोन पत्रं पाठवली, त्यांचंही उत्तर नाही. तरी कानबाईला गावी गेलो. अक्का आता थकली आहे, सूप सुनेला धरावं लागतं. तिने मुठी घेतल्या आणि माझ्याकडे बघितलं. खोटं बोलायचं नाही एवढं त्या माणसाकडून शिकलो होतो.

"माहीत नई, अक्का," मी म्हणालो.

"माहीत नई ना?" ती म्हणाली. "मंग शे." आणि तिने डॉक्टरांच्या नावाची सव्वा मूठ सुपात घातली.

डॉक्टरांनी ही नोंद कधीच मान्य केली नसती. मला मात्र ती खोडवत नाही.